लॉनवरच्या छत्र्या आणि सासूबाईंची अळंबी

पत्र असं आलंय:

"ताई, आम्ही मागच्या वर्षी मुळशी रस्त्याला छोटं रो-हाऊस घेतलं, पुढे थोडं लॉन आहे. यंदा पहिला जोराचा पाऊस झाल्यावर लॉनवर पांढऱ्या मोठमोठ्या छत्र्या आल्या, काही तर ताटलीएवढ्या, वरती तपकिरी खपल्या. सासूबाई सावंतवाडीकडच्या आहेत, म्हणतात मी लहानपणापासून अळंबी खातेय, मला कळतं. नवऱ्याने अॅपवर फोटो टाकला तर अॅपने खाण्यालायक सांगितलं, आणि व्हॉट्सअॅपवर तर जंगली मशरूम कॅन्सरवर चालतं वगैरे रोज येतंच. मी नको म्हटलं तर सासूबाई रुसल्या, माझ्यावर विश्वास नाही म्हणाल्या. घरात चार आणि सात वर्षांची मुलं आहेत. एक जुनी झालेली छत्री उपटून बघितली तर टोपीखालचे पडदे, त्या पातळ पापुद्र्यांच्या रांगा, हिरवट राखाडी दिसले. मी उगाच घाबरतेय का?"

अगं, उगाच अजिबात नाही. आधी एक काम कर, लॉनवरच्या त्या छत्र्या आजच्या आज मुळापासून उपटून पिशवीत बांधून कचऱ्यात टाक, मग बाकीचं वाच. हाताला लागल्या म्हणून काही होत नाही, विष पोटात गेल्यावरच भिनतं, तेव्हा हात लावायला घाबरू नकोस, नंतर साबणाने हात धू म्हणजे झालं.

तू शेवटच्या ओळीत सहज लिहून गेलीस ना की खालचे पडदे हिरवट दिसले, तुझ्या अख्ख्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे. लॉनवर, बागेत, शेणखताच्या ढिगाशेजारी पावसाळ्यात येणारी, पांढरी, मोठी, वर तपकिरी खपल्या असलेली आणि वय झाल्यावर पडदे हिरवट होणारी एक जात आहे, तिचं शास्त्रीय नाव क्लोरोफायलम मॉलिब्डाइट्स. जगभरातल्या उष्ण भागात मशरूम खाऊन लोक आजारी पडतात त्यात ही सगळ्यात वरच्या नंबरात असते, कारण दिसायला अगदी देखणी, भरपूर मिळते, घराच्या दारातच येते आणि चवीलाही वाईट नसते म्हणतात. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत पोटात मुरडा, उलट्या, जुलाब, कधी कधी रक्तसुद्धा पडतं. धडधाकट माणूस सलाईनवर एकदोन दिवसांत उठून बसतो पण चार वर्षांच्या पोराच्या अंगातलं पाणी काही तासांतच कमी होतं, तिथे खेळ नाही. आणि यातली खरी फसगत म्हणजे कोवळेपणी हिचे पडदे पांढरेच असतात, हिरवा रंग नंतर येतो, म्हणजे भाजीसाठी माणूस जी कोवळी बघून घेतो नेमकी तिच्यावर ही खूण नसते.

मी तुझं अंगण बघितलेलं नाही त्यामुळे शंभर टक्के तीच आहे असं मी इथून म्हणणार नाही, आणि फोटो पाठवलास तरी खा असं तर मी कधीच म्हणणार नाही. पण तुला स्वतःला बघायचं असेल तर पुढच्या वेळी आली की एक उमललेली टोपी दांड्यापासून कापून घे, अर्धा पांढरा अर्धा काळा कागद ठेव, त्यावर पडदे खाली करून ठेव आणि वर वाडगं पालथं घाल, रात्रभर तसंच. सकाळी वाडगं उचललंस की कागदावर पडद्यांचीच रांगोळी उमटलेली असते, बारीक पिठासारखी, ते तिचे बीजाणू, म्हणजे तिचं बी. या जातीची रांगोळी मळकट हिरवी येते, कोकणातल्या वारुळाच्या अळंबीची फिकट गुलाबी येते. सात वर्षांच्या मुलाला सोबत घेऊन कर, फार आवडेल त्याला, फक्त स्वयंपाकघरात नको आणि कागद नंतर टाकून दे. आणि हे करायचं ते ओळख व्हावी म्हणून, खायचं की नाही ते ठरवायला नाही. गुलाबी आली म्हणजे खायला मोकळीक असं मुळीच नसतं.

आता सासूबाईंबद्दल, कारण मला वाटतं तुझा खरा प्रश्न तिथे आहे.

त्या खोटं बोलत नाहीयेत. सावंतवाडी, कुडाळ, मालवण, खाली गोव्यापर्यंत, पावसाळ्यात अळंबी म्हणजे घरातला सणच असतो, गोव्यात तिला अळमी म्हणतात, विदर्भात सात्या म्हणतात, टेकोडे म्हणतात, आणि या बहुतेक नावांमागे एकच कुळ आहे, वारुळातून येणारी अळंबी, टर्मिटोमायसीस. माझी आजी याच पट्ट्यातली. मी आठनऊ वर्षांची असेन, जुलैतली सकाळ होती, आदल्या रात्री वीज कडाडली होती म्हणून ती मला पहाटे उठवून घेऊन गेली, काजूच्या बागेच्या कडेला एक बसकं वारूळ होतं, बाहेरून वाटेल नुसता मातीचा उंचवटा, आणि त्याच्या एका बाजूला पालापाचोळा वर ढकलून पंधरावीस राखाडी टोप्या निघालेल्या, प्रत्येकीच्या मधोमध भाल्यासारखं टोक. मी वरून धरून ओढली तर दांडा मोडून हातात आला, आजीने पाठीत हलकी चापट मारली आणि लाकडाच्या काटकीने बाजूची माती उकरत उकरत दुसरी काढून दाखवली. दांडा जमिनीत शिरल्यावर संपतच नव्हता, बारीक होत होत वीतभर खाली गेला, आत वारुळाच्या पोकळीत. ती म्हणाली, "मूळ बघितल्याशिवाय टोपलीत घालायची नाही." आणि दुसरं एक म्हणायची ते मला आता तुझ्यासाठी आठवलं, नव्या जाग्यावरची पहिल्या वर्षी खायची नाही.

त्या मुळाचं शास्त्र कळलं तेव्हा मला फार गंमत वाटली होती. वाळवी ही बुरशी अक्षरशः शेतीसारखी पिकवते, वाळलेलं लाकूड-पाला चावून आणून त्याचा स्पंजसारखा पोळा बनवते, त्यावर बुरशी वाढते, बुरशी ते लाकूड मऊ करते आणि वाळवी ते खाते. हा संसार सुमारे तीन कोटी वर्षांपासून चालू आहे, माणूस तेव्हा कुठेच नव्हता. पाऊस पडून जमीन भिजली की त्या पोळ्यातून अळंबी वर निघते, टोकदार टोपीने माती फोडत. म्हणूनच ही शेतात लावता येत नाही, बटण किंवा धिंगरी जशी शेडमधे पिकते तशी वारुळाची अळंबी व्यापारी पद्धतीने पिकवायला आजवर जमलेलं नाही, म्हणून तर ती इतकी महाग आणि शेकड्याच्या हिशोबाने पानात बांधून विकली जाते.

तर सासूबाईंना जे येतं ते हे. त्यांना नुसती टोपी ओळखता येते असं नाही, त्यांना ते वारूळ माहीत आहे, तो आठवडा माहीत आहे, ते मूळ माहीत आहे, त्या ठिकाणी आईच्या आईपासून हेच येतंय आणि सगळ्यांनी खाल्लंय हे माहीत आहे. ही ओळख जागेसकट असते. तुमच्या लॉनवर वारूळ नाही, ती माती बिल्डरने कुठल्या तरी खाणीतून आणून टाकलेली, त्यावर नर्सरीतलं गवत आणि खत, खाली कुजणारा पालापाचोळा असेल त्यावर हे उगवलंय. सावंतवाडीचं ज्ञान इथे लागूच होत नाही, त्यात त्यांचा काही कमीपणा नाही. हे त्यांना असंच सांग, "आई, तुमच्यावर विश्वास आहे, या जागेवर नाही." आणि एक साधा प्रश्न विचार, की तुमच्या अळंबीला मूळ असतं ना, टोपीला टोक असतं ना, मग हिला का नाही? हिच्या दांड्यावर तर कडं असतं, बोटाने वरखाली सरकतं, आणि खाली मूळ नसून नुसता फुगीर बुंधा. त्या स्वतःच बघतील आणि स्वतःच नको म्हणतील असं मला वाटतं, तू नको म्हणण्यापेक्षा ते बरं.

जागा बदलली की ओळख कशी दगा देते याचं एक उदाहरण आहे, तेही सांग त्यांना. आग्नेय आशियातून अमेरिकेत गेलेले लोक, तिकडे घरी भाताच्या पेंढ्यावरची अळंबी आयुष्यभर खाल्लेले, अमेरिकेत ओकच्या झाडाखाली तशीच दिसणारी अळंबी बघून आनंदाने घरी घेऊन गेले आणि दवाखान्यात पोचले, काहींचा जीव गेला. ती होती अमानिटा फॅलॉइडीस, जिला डेथ कॅप म्हणतात. कोवळेपणी दोघी अंड्यासारख्या पिशवीतून निघतात, अगदी जुळ्या बहिणी. तुझ्या ओळखीचं कोणी परदेशात असेल आणि तिकडच्या जंगलात फिरायला जात असेल तर त्यांनाही हे पाठव.

या डेथ कॅपच्या कुळातलं विष वेगळंच आहे आणि ते नीट समजून घे. लॉनवरचं मशरूम एक ते तीन तासांत उलटी करवतं, म्हणजे निदान शरीर लगेच ओरडतं. हे मात्र सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त वेळ गप्प बसतं, माणूस जेवतो, झोपतो, सकाळी उलट्या-जुलाब सुरू. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरं वाटायला लागतं, घरचे म्हणतात चला सुटलो, आणि आत यकृत संपत आलेलं असतं. ते विष पेशींना प्रथिनं बनवूच देत नाही. उकळून, तळून, वाळवून, काही केलं तरी जात नाही, आणि एका मोठ्या माणसाला अर्धी टोपीही पुरते. हे आपल्या देशात होत नाही असंही समजू नकोस, २०२२ च्या एप्रिलमधे आसामात जंगली मशरूम खाऊन १३ माणसं गेली, त्यात एक लहान मूल होतं, बहुतेक सगळी चहामळ्यातली कुटुंबं, पिढ्यान्‌पिढ्या रानातलं आणून खाणारी. म्हणजे शहरातल्या अडाण्यांनाच होतं असंही नाही. काही जाती अशाही आहेत ज्यांचा त्रास काही दिवसांनी, कधी दोन आठवड्यांनी मूत्रपिंडावर निघतो, आणि एक जात अशी की एरवी चालते पण सोबत दारू घेतली की छाती धडधडून चेहरा लाल होऊन माणूस घाबराघुबरा होतो.

मग ओळखायचं कसं, तर घरोघरी ज्या परीक्षा सांगतात त्या सगळ्या सोडून दे. चांदीचं नाणं किंवा चमचा काळा पडला तर विषारी, हे खोटं, चांदी गंधकाने काळी पडते, या विषाशी तिचा संबंध नाही, अंड्यानेही पडते. लसूण किंवा तांदूळ टाकून रंग बदलतो का बघायचं, खोटं. किडे लागलेत म्हणजे चांगली, हेही खोटं, गोगलगाई डेथ कॅप आरामात खातात. पांढरी ती चांगली आणि रंगीत ती विषारी, हे तर सगळ्यात घातक, कारण सगळ्यात मारक जातींपैकी काही दुधासारख्या पांढऱ्या असतात. आणि मिस्टरांचं अॅप, त्यांना सांग की अॅपला फक्त वरून काढलेला फोटो दिसतो, पडदे दिसत नाहीत, जमिनीतला बुंधा दिसत नाही, बीजाणूंचा रंग दिसत नाही, वास येत नाही. फुलांची, फुलपाखरांची नावं शोधायला अॅप छान आहे, तिथे चुकलं तर काही बिघडत नाही. इथे विषाची परीक्षा कशाला घ्यायची?

माझ्याच नात्यातलं एक घर, शहरातलं, चार वर्षांपूर्वीची गोष्ट. सोसायटीच्या बागेतली छान पांढरी छत्री आणून भाजी केली, रात्री अकरापर्यंत चौघंही बाथरूमच्या दारात रांगेत. जवळच्या दवाखान्यात गेले आणि तिथे बाहेरची पाणीपुरी खाल्ली असं सांगितलं, का तर लाज वाटली, बागेतलं उपटून खाल्लं असं कसं सांगायचं. डॉक्टरांनी साध्या फूड पॉयझनिंगचं औषध देऊन घरी पाठवलं, त्यांच्या जागी कोणीही तेच केलं असतं. नशीब की ती पोटवाली जात होती, यकृतवाली असती तर ते लपवलेले दोन दिवस कोणी परत आणून दिले नसते. मला ते तिसऱ्या दिवशी सांगितलं, मी रडले होते फोनवर. म्हणून तुला आणि हे वाचणाऱ्या सगळ्यांना हात जोडून सांगते, चुकून खाल्लं गेलंच तर पहिलं वाक्य हेच सांगा की मशरूम खाल्लंय, किती वाजता खाल्लं आणि त्रास किती वाजता सुरू झाला, हे तास डॉक्टरांना फार उपयोगी पडतात. उरलेली भाजी, न शिजवलेला तुकडा, कचऱ्यातलं देठ, जे मिळेल ते कागदात गुंडाळून सोबत न्या, प्लॅस्टिकमधे कुजतं. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. १०८ ला फोन करा, आणि दिल्लीच्या एम्समधे विषबाधेची माहिती देणारं राष्ट्रीय केंद्र आहे, १८०० ११६ ११७, चोवीस तास, तुमचे डॉक्टरही तिथे विचारू शकतात. बरं वाटलं म्हणून मधेच घरी येऊ नका, त्या मधल्या बऱ्या वाटण्याबद्दल वर लिहिलंय ते आठवा. ज्यांनी ज्यांनी खाल्लं त्या सगळ्यांनी जायचं, त्रास होत नसला तरी.

इतकं भीतीचं लिहून झालं, आता अळंबीची बाजूही घेते, कारण मला ती मनापासून आवडते. ताज्या अळंबीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, शंभर ग्रॅममधे दोनतीन ग्रॅम प्रथिनं, म्हणजे मटणाच्या तोडीचं वगैरे म्हणतात तसं नाही, वाळवल्यावर वजनाच्या मानाने ते प्रमाण बरंच वाढतं एवढंच. पण तंतू आहे, बी गटातली काही जीवनसत्त्वं आहेत, पोटॅशियम, सेलेनियम आहे, तेल-चरबी जवळजवळ नाही. बी-१२ साठी मात्र हिच्यावर भरवसा ठेवू नकोस. एक खास गोष्ट म्हणजे ऊन लागलं की अळंबी स्वतः ड जीवनसत्त्व बनवते, आपल्या कातडीसारखंच, त्यामुळे बाजारातलं बटण मशरूम आणलंस तर काप करून दुपारच्या उन्हात तासभर ठेव आणि मग भाजी कर, शाकाहारी घरात ड मिळायचे मार्ग थोडेच असतात. कच्चं खाऊ नये कोणतंच, तिच्या पेशींच्या भिंती खेकड्याच्या कवचात असतं त्याच द्रव्याच्या, कायटिनच्या असतात, शिजवल्याशिवाय पोटाला पचायला जड जातं.

औषधाचं म्हणशील तर कोकणात जुन्या फणसाच्या खोडावर लाकडासारखा कडक फणसोंबा येतो, तो उगाळून लहान मुलांच्या तोंड येण्यावर लावायची जुनी रीत आहे. आणि जपानमधे काही विशिष्ट जातींपासून काढलेला अर्क कॅन्सरच्या उपचारांच्या जोडीला बरीच वर्षं देत असत हेही खरं, पण ते त्या जातीचं, कारखान्यात शुद्ध केलेलं, डॉक्टरांच्या हाताखाली, मूळ उपचार चालू ठेवून. त्यावरून अंगणातली छत्री कॅन्सर बरा करते असं फॉरवर्ड करणाऱ्याला घरच्या ग्रुपवर स्पष्ट सांगायला लाजू नकोस, कोणीतरी खरंच उपचार सोडून बसतो अशाने.

लॉनवर औषध फवारायची गरज नाही, ती बुरशी खाली कुजणारा पालापाचोळा खाऊन माती करतेय, तिचं काम चांगलंच आहे, पावसाळाभर रोज सकाळी मुलं बाहेर यायच्या आधी एक फेरी मारून आलेल्या छत्र्या तेवढ्या उपट, कुत्रा असेल तर त्यालाही जपा, कुत्रीही आजारी पडतात यांनी. मुलांना एकच नियम शिकव, बघायचं, हात लावायचा, तोंडात नाही. चौथ्या वर्षी एवढं कळतं. आणि समजा कधी धाकट्याने चावलाच तुकडा तर किती खाल्लं त्याचा अंदाज करत बसू नकोस, तोंड पुसून तुकडा घेऊन सरळ दवाखाना.

खरी अळंबी खायचीच असेल तर पुढच्या जुलै-ऑगस्टमधे चार दिवस सगळे सावंतवाडीला जा, सासूबाईंना त्यांच्या ओळखीच्या वारुळाकडे पुढे चालू दे आणि तू मागून. अभयारण्यातलं काढायचं नाही, तिथे कायद्याने बंदी आहे, गावातलं स्वतःच्या बागेतलं बघा, तेही आंब्या-काजूला फवारणी झाली असेल तिथलं नको, अळंबी जमिनीतलं बरंवाईट सगळं शोषून घेते, रस्त्याकडेचंही त्याचसाठी नको. गोवा विद्यापीठात डॉ. नंदकुमार कामतांनी या अळमींवर वर्षानुवर्षं काम केलंय, आणि ओरबाडून काढण्याबद्दल गोव्यात बरीच चिंता आहे, ती खरी आहे, कारण नव्या वारुळातल्या वाळवीला बहुतेक वेळा हे बीजाणू बाहेरून गोळा करून न्यावे लागतात, सगळ्या कळ्याच तोडल्या तर बीजाणू येणार कुठून. म्हणून आजी पाचसहा उमललेल्या तशाच ठेवायची, शास्त्र माहीत नव्हतं तिला, ती म्हणायची वारुळाचा वाटा.

घरी आणल्यावर देठाची माती सुरीने खरवडायची, हळदीच्या पाण्यात दोनतीनदा धुवायची, हाताने उभी फाडायची, सुरीने नाही. कांदा भरपूर, ओलं खोबरं, थोडा गरम मसाला, झाकण ठेवून स्वतःच्या पाण्यात शिजू द्यायची. पहिल्यांदा खाणाऱ्यांनी चमचाभरच खायची, चांगल्या अळंबीचीही कोणाकोणाला अॅलर्जी असते, आणि आदल्या दिवशी काढलेली मऊ पडलेली असेल तर मोह सोडून टाकून द्यायची.

सासूबाईंना विचार त्यांच्याकडे खोबरं वाटून घालतात की नुसतं किसून, आमच्याकडे यावरून दोन घरांत अजून वाद आहे. आणि काढताना एक मूळ अखंड निघालं तर त्याचा मोजपट्टी ठेवून फोटो काढ आणि मला नक्की पाठव.